दालीच्या भानगडी, डॉनबाईंची मासिकं

"बाई, एक विचारू का? स्वतः चित्र काढायचं नाही, नुसती दुसऱ्यांची बघायची, याचा पगार कोण देतं?"

वहिनींचा हात मेंदीच्या कुंपणावरून आमच्या कढीपत्त्यापर्यंत पोचला होता, पण चौकशी कढीपत्त्याची नव्हती. त्यांच्या भाचीने घरात जाहीर केलंय, तिला कलेचा इतिहास शिकायचाय, त्यातही अतिवास्तववाद, आणि पुढे क्युरेटर व्हायचंय. तेव्हापासून वहिनींच्या भावाने अन्न टाकलंय म्हणे. (म्हणे. काल संध्याकाळी भेळेच्या गाडीवर मी त्यांना पाहिलं, पण ते मी बोलले नाही.) मी शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे भिंतीच्या रंगापासून भाचीच्या करिअरपर्यंत कॉलनीतलं सगळं काही माझ्याच कुंपणाशी येतं.

"पगार विद्यापीठ देतं," मी म्हटलं. "इंग्लंडात डॉन एडीस म्हणून आहेत..."

"डॉन?"

"अमिताभचा नव्हे. बाई आहेत. जन्म १९४३ चा. ऑक्सफर्डला शिकल्या, मग लंडनच्या कोर्टोल्ड इन्स्टिट्यूटमध्ये, आणि साठच्या दशकाच्या शेवटी एसेक्स विद्यापीठात शिकवायला लागल्या. कोल्चेस्टर गावाबाहेर वायव्हनहो पार्क म्हणून जागा आहे. कॉन्स्टेबलने १८१६ साली तिथली गाईगुरं आणि तळं रंगवलंय. आता तिथेच विद्यापीठाचे काँक्रीटचे मनोरे उभे आहेत. या बाईंनी सगळी हयात त्या तऱ्हेवाईक लोकांचा अभ्यास केला."

"कोणते तऱ्हेवाईक? आणि तो वाद काय ते मला सांगू नका, डोक्यावरून जाईल. माणसं कोण होती ते सांगा."

वहिनींचं हे मला आवडतं. चळवळ कुठली का असेना, आधी त्यातली माणसं.

तर माणसं अशी. आंद्रे ब्रेताँ हा म्होरक्या. शिक्षण डॉक्टरकीचं. पहिल्या महायुद्धात त्याने मनावर परिणाम झालेल्या सैनिकांच्या वॉर्डात काम केलं, तिथेच फ्रॉइडचं वेड लागलं. १९२४ साली पॅरिसमध्ये त्याने जाहीरनामा काढला आणि त्याच सुमारास ग्रनेल रस्त्यावर चक्क एक ऑफिस उघडलं. कुणीही यावं आणि आपलं स्वप्न सांगून जावं.

"स्वप्न सांगायला ऑफिस? आणि नोंदवून घ्यायचे?"

"घ्यायचे. पाळीपाळीने माणूस बसायचा."

"आमच्या सासूबाई रोजच गेल्या असत्या."

हा ब्रेताँ एकीकडे म्हणायचा, मन मोकळं सोडा, बुद्धीचा पहारा उठवा. आणि दुसरीकडे, गटातला कोण कुठल्या कॅफेत कुणाबरोबर बसतो यावर त्याचं बारीक लक्ष. मनासारखं झालं नाही की हकालपट्टी. वहिनींनी लगेच मान डोलावली. "म्हणजे आपले सोसायटीचे चेअरमन." मी नाही म्हणू शकले नाही. १९३० मध्ये हाकललेल्यांनी एकत्र येऊन त्याच्यावर एक पत्रक काढलं, 'प्रेत' नावाचं, आणि त्यावर ब्रेताँचा डोळे मिटलेला, डोक्यावर काटेरी मुकुट चढवलेला फोटो छापला. चेअरमनवर एवढं अजून कुणी काढलेलं नाही.

१९३४ मध्ये पाळी आली साल्वादोर दालीची. हिटलरबद्दल काहीबाही बोलतो म्हणून ब्रेताँच्या घरी त्याच्यावर खटला भरला. दाली आला तोच तोंडात थर्मामीटर धरून, अंगात एकावर एक स्वेटर. म्हणे ताप आहे. आरोप वाचून दाखवायचे चाललेत आणि हा मध्येच ताप बघतोय, एकेक स्वेटर उतरवतोय, पुन्हा चढवतोय. पुढे त्याला पैसा मिळायला लागला तेव्हा ब्रेताँने त्याच्याच नावातली अक्षरं फिरवून 'डॉलर्सचा हावरा' अशा अर्थाचं नाव पाडलं, आणि ते जन्मभर चिकटलं.

"आणि याची बायको?"

बायकोपर्यंत पोचायला वहिनींना वेळ लागत नाही. बायको गाला, मूळची रशियन. आधीचा नवरा कवी, पॉल एल्युआर. १९२९ च्या उन्हाळ्यात नवरा आणि मुलगी यांच्याबरोबर ती स्पेनमधल्या काडाकेस गावी दालीला भेटायला गेली. नवरा परतला, ही राहिली. दालीहून दहा वर्षांनी मोठी. पुढे चाळीसएक वर्षांनी दालीने तिला प्युबोलला एक जुना किल्लेवजा वाडा घेऊन दिला, तर तिची अट काय? लेखी आमंत्रण असल्याशिवाय नवऱ्याने तिथे यायचं नाही.

वहिनींनी कढीपत्ता बाजूला ठेवला. "मला आवडली ही."

"सगळ्यांना आवडते. तिथेच तर घोळ आहे."

घोळ असा की या लोकांच्या भानगडी इतक्या रंगतदार आहेत की काम मागे पडतं. लंडनला १९३६ च्या जून-जुलैत त्यांचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन झालं, वीस हजारांवर माणसं येऊन गेली. लोकांच्या लक्षात काय राहिलं? दालीने पाणबुड्याचा जड पोशाख घालून व्याख्यान दिलं, शिरस्त्राणात हवा मिळेना, तो हातवारे करतोय आणि लोकांना वाटतंय काय झकास नाटक चाललंय! कसंबसं ते उघडलं म्हणून वाचला. आणि डिलन थॉमस नावाचा तरुण कवी कपात उकळलेली सुतळी घेऊन फिरत होता आणि विचारत होता, कडक हवी की फिकी.

शिवाय मेरेट ओपनहाइमचा कप. दुकानातून आणलेली साधी कपबशी आणि चमचा, त्यावर हरणाची केसाळ कातडी मढवलेली. पिकासो आणि डोरा मार यांच्याशी कॅफेत गप्पा मारताना ही कल्पना निघाली, कारण मेरेटच्या हातात फर लावलेलं कडं होतं. आज तो कप न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

"धुवायचा कसा?"

हा प्रश्न वहिनींनी विचारला आणि मला वाटलं, त्या कपावर लिहिलेल्या कित्येक पानांचा अर्क इथे आला. ओठाला केस लागल्यासारखं होतं ना ऐकूनच? त्या कलाकृतीचं काम तेवढंच आहे आणि ते तिने केलं.

बरं, या मंडळींनी प्रदर्शन मांडण्याचंच नाटक करून ठेवलंय. पॅरिसला १९३८ मध्ये मार्सेल द्युशाँने छताला कोळशाची बाराशे पोती टांगली, आत अंधार होता आणि पाहुण्यांना टॉर्च दिल्या गेल्या. १९४२ मध्ये न्यूयॉर्कला त्याने दालनभर दोरी गुंडाळली, इतकी की चित्रांपर्यंत पोचता येईना, आणि उद्‌घाटनाला पोरं बोलावून त्यांना खेळायला सोडलं. आता सांगा, अशांचं प्रदर्शन चाळीस वर्षांनी कुणी कसं मांडायचं? पुन्हा पोती टांगायची? ती सर्कस होईल. नुसती चित्रं ओळीने लावायची? मग ते बँकेच्या कॅलेंडरसारखं दिसेल, दालीची वितळणारी घड्याळं आणि खाली तारीख.

डॉनबाईंनी तिसरंच केलं. १९७८ च्या जानेवारीत लंडनच्या हेवर्ड गॅलरीत त्यांनी दादावाद, म्हणजे यांच्या आधीची चळवळ, आणि अतिवास्तववाद यांचं जंगी प्रदर्शन भरवलं, आणि ते उभं केलं मासिकांवर.

"मासिकांवर? म्हणजे रद्दी?"

रद्दीच म्हणायची. झुरिचचं 'दादा', पिकाबियाचं '३९१', पॅरिसची 'लितेरात्यूर', 'ला रेव्होल्यूसियाँ सुर्रेआलिस्त', 'मिनोतॉर', लंडनचं 'लंडन बुलेटिन'. एकेक मासिक म्हणजे प्रदर्शनाचा एकेक विभाग, आणि चित्रं, शिल्पं, फोटो त्याच्या आजूबाजूला. जाडजूड कॅटलॉगही तसाच, मासिकामागून मासिक. मला यातली अक्कल फार मोठी वाटते. कारण ही चळवळ भिंतीवर जन्मली नाही, छापखान्यात जन्मली. कोण आत आला, कोण बाहेर पडला, कुणाचं चित्र कुणाच्या कवितेशेजारी छापलं, कुणाचं नाव पुढच्या अंकातून गायब झालं, सगळं त्या पानांत आहे. चित्र संग्रहालयात गेलं की एकटं पडतं. मासिकात त्याला शेजारी असतो.

'ला रेव्होल्यूसियाँ सुर्रेआलिस्त'चीच गंमत ऐका. १९२४ च्या डिसेंबरात पहिला अंक निघाला. आत स्वप्नं, आत्महत्येवरची चर्चा, वेडेचाळे. बाहेरून मात्र तो 'ला नात्यूर' या विज्ञानाच्या मासिकासारखा अगदी गंभीर चेहऱ्याचा, जाणूनबुजून. हा विनोद चित्र बघून कळत नाही, अंक हातात धरावा लागतो. आणि प्रदर्शनात तर तो हातात घेताच येत नाही. काचेच्या पेटीत ठेवायचा, उजेड अगदी मंद, कारण जुना कागद प्रकाशाने पिवळा पडून तुटतो. एका वेळी एकच जोडपान उघडं दिसतं. अख्ख्या अंकातून तुम्ही कोणतं जोडपान उघडं ठेवता, तिथे क्युरेटरची परीक्षा.

"एवढंच काम?"

एवढंच कसं? आधी कोणती वस्तू कुणाच्या घरी आहे ते शोधा. मग त्या माणसाला पत्र लिहा. तो नाही म्हणतो. पुन्हा लिहा. हो म्हणाला की विम्याचं बघा, पेटी मापाची करून घ्या, वस्तू निघताना आणि पोचल्यावर तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा लिहून काढा. मोठ्या संग्रहालयाचं चित्र असेल तर त्यांचा माणूस त्या पेटीबरोबर ट्रकमधून येतो आणि खिळा ठोकून होईस्तोवर हलत नाही. चळवळीतल्या मंडळींना बेशिस्त परवडायची, त्यांच्यामागे कागद आवरणाऱ्याला नाही परवडत.

वहिनी जरा गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "यात बायका होत्याच ना हो? की नुसत्या गालाच?"

मला हाच विषय हवा होता. बायका पुष्कळ होत्या, पण गटाच्या पुस्तकांत त्या प्रेयसी म्हणून यायच्या, नाहीतर स्वप्नात. या उणिवेवर बोट ठेवलं दुसऱ्या एका बाईंनी, अमेरिकेच्या व्हिटनी चॅडविक यांनी. त्या माहिती जमवत इंग्लंडात ससेक्समधल्या फार्ली फार्मवर रोलंड पेनरोज यांच्याकडे गेल्या. पेनरोज म्हणजे १९३६ चं ते लंडनचं प्रदर्शन भरवणाऱ्यांतले एक, स्वतः चित्रकार. त्यांनी चॅडविकबाईंना समजावलं, बायकांवर पुस्तक कशाला, त्या काही कलावंत नव्हत्या, महत्त्वाच्या होत्या त्या आमच्या प्रेरणा म्हणून.

"कुणाच्या घरात बसून म्हणाले?"

तेच तर! त्यांची पहिली बायको व्हॅलेंटाइन, कवयित्री आणि कोलाज करणारी. दुसरी ली मिलर. आधी व्होगची मॉडेल, मग पॅरिसला मॅन रेकडे शिकलेली फोटोग्राफर, मग दुसऱ्या महायुद्धातली बातमीदार. दाखाव छळछावणीचे फोटो काढून ती म्युनिकला हिटलरच्या घरी पोचली आणि त्याच्याच टबात बसून तिने अंघोळ केली, बूट पुढ्यात काढून ठेवलेले, दाखावचा चिखल लागलेले. तो फोटो तिच्या सहकाऱ्याने काढला, १९४५ च्या ३० एप्रिलला. त्याच दिवशी तिकडे बर्लिनमध्ये हिटलरने जीव दिला. हीच ली नंतर फार्ली फार्मवर स्वयंपाकात रमली. पाहुण्यांना हिरवं चिकन करून घालायची. फोटोंचं नाव काढायची नाही. १९७७ मध्ये ती गेली, आणि मग मुलाच्या आणि सुनेच्या हाती माळ्यावरची खोकी लागली, साठ हजारांच्या आसपास निगेटिव्ह.

"आणि नवरा म्हणतो प्रेरणा."

वहिनींनी हे ज्या सुरात म्हटलं त्यात त्यांच्या घरचंही थोडं होतं, पण मी तिकडे कान दिला नाही. चॅडविकबाईंनी ऐकून घेतलं आणि पुस्तक लिहिलं. १९८५ साली ते निघालं. लिओनोरा कॅरिंग्टन, रेमेदिओस व्हारो, आयलीन अगार अशा नावांकडे लोक नीट बघू लागले त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा.

कॅरिंग्टन आणि व्हारो, दोघीही युद्धातून सुटून मेक्सिकोत गेल्या आणि तिथेच राहिल्या. डॉनबाईंची नजरही पॅरिसवरून तिकडे वळली. १९८९ मध्ये हेवर्ड गॅलरीतच त्यांनी लॅटिन अमेरिकेच्या कलेचं प्रदर्शन केलं, १८२० पासून १९८० पर्यंतचं. लंडनला तेव्हा त्या खंडातलं एवढं कुणी एकत्र दाखवलेलं नव्हतं. मेक्सिकोच्या पोसादाची नाचणारी हाडकं, रिवेरा, फ्रीडा काहलो. मग एसेक्स विद्यापीठात लॅटिन अमेरिकन कलेचा संग्रह उभा राहिला, १९९३ पासून, तोही ब्राझीलच्या एका विद्यार्थ्याने दिलेल्या चित्रापासून. कोल्चेस्टरजवळच्या काँक्रीटच्या मनोऱ्यात ब्राझील आणि पेरू!

फ्रीडावरून आठवलं. ब्रेताँने १९३८ मध्ये मेक्सिकोत तिची चित्रं पाहिली, हरखला, म्हणाला पॅरिसला प्रदर्शन करतो. ती १९३९ च्या जानेवारीत पॅरिसला पोचते तर तिची चित्रं कस्टममध्येच पडलेली. या गृहस्थाने सोडवलीच नव्हती! गॅलरीही पक्की नाही. शेवटी धावपळ केली ती द्युशाँने. त्या सगळ्या टोळक्यात पाय जमिनीवर असलेला हा एकटाच, असं फ्रीडाचं मत झालं, आणि बाकीच्यांबद्दल तिने पत्रांत जे लिहिलं ते मी कुंपणावरून मोठ्याने सांगणार नाही.

"मला कानात सांगा," वहिनी म्हणाल्या. सांगितलं.

म्हणून मला डॉनबाईंचं २०१७ चं प्रदर्शन फार नेमकं वाटतं. लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्यांनी विल्यम जेफेट यांच्या जोडीने दाली आणि द्युशाँ यांना समोरासमोर ठेवलं. एक बडबड्या, मिशीवाला, जाहिरातीत झळकणारा. दुसरा गप्प, बुद्धिबळ खेळणारा, चित्रकला सोडली असं जगाला सांगून वीस वर्षं गुपचूप एक कलाकृती करत बसलेला, जी तो मेल्यावरच लोकांनी पाहिली. यांची दोस्ती असेल असं कुणाला वाटेल? पण द्युशाँ कितीतरी उन्हाळे काडाकेसला जाऊन राहायचा, दालीच्या घराच्या हाकेच्या अंतरावर. एकाची कला म्हणून मांडलेली मुतारी, दुसऱ्याचा टेलिफोन, रिसिव्हरच्या जागी शेवंड बसवलेला. दालीला विदूषक म्हणून झटकणाऱ्यांना या बाईंनी हा असा साक्षीदार आणून दाखवला.

दालीवर त्यांचं पुस्तक १९८२ चं आहे. २००४ मध्ये त्याच्या जन्मशताब्दीचं व्हेनिसचं मोठं प्रदर्शनही त्यांनीच केलं. त्याआधी २००० साली अमेरिकेत हार्टफर्डला त्याच्या दृष्टिभ्रमांच्या चित्रांचं केलं होतं. एका चित्रात दोन चित्रं, हंस बघावेत तर पाण्यात हत्ती.

"हत्ती?"

हत्तीचं तर आपल्याकडचंच प्रकरण आहे. १९६७ मध्ये एअर इंडियाने दालीकडून राखदाणी करून घेतली, पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट द्यायला. पांढरी, चिनी मातीची, एका बाजूने हंस आणि उलटी केली की हत्तीचं तोंड. मोबदला काय मागितला? पैसे नाही, हत्तीचं पिल्लू. आणि आपल्या लोकांनी खरोखर दिलं! बंगळूरहून विमानाने युरोपात, पुढे रस्त्याने स्पेनला. ती फाइल कुणी जपली असेल तर तिच्यावर एक छान प्रदर्शन होईल. राखदाणी, पत्रव्यवहार, महाराजाची जाहिरात, पिल्लाचे कागद.

"आणि सिगारेटची राख?"

"ती नको. कंझर्व्हेटर ओरडेल."

२००६ चं बाताय आणि त्याच्या 'दॉक्युमाँ' मासिकाचं प्रदर्शन मी वहिनींना थोडक्यात सांगितलं, कारण त्यात पायाच्या अंगठ्याचे मोठ्ठे फोटो आहेत आणि त्यांना अंगठ्याचं काही ऐकवत नव्हतं. पण तेही पुन्हा मासिकच, ब्रेताँच्या विरोधकांचं, १९२९-३० मधलं, संपादक हा बातायच, नाण्यांचा जाणकार ग्रंथपाल. बाईंनी मासिकं सोडली नाहीत.

"आता हुद्दा काय तो सांगा. भावाला हुद्दा लागतो."

प्राध्यापक, दहा वर्षं टेट गॅलरीच्या विश्वस्त होत्या, नॅशनल गॅलरीच्याही होत्या, ब्रिटिश अकॅडमीच्या फेलो, २०१३ मध्ये राणीकडून सीबीई. मी हे एका दमात म्हटलं आणि वहिनींनी तितक्याच दमात बोटांवर मोजलं. पण मी त्यांना हेही सांगितलं की अशा जागा थोड्या असतात, तिथल्या पोरींनाही कंत्राटावर वर्षं काढावी लागतात. भाचीने आधी फ्रेंच शिकावी, जमल्यास स्पॅनिशही. मासिकं भाषांतरातून वाचून हे काम होत नाही.

आणि परदेशी जायच्या आधी हात इथे बसवावा. १९५४ मध्ये मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढलं, सायक्लोस्टाइल केलेलं. मग साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं 'असो' आणि बाकीची लघुअनियतकालिकं. ही मंडळी पॅरिसच्या त्या टोळक्याला वाचत होती, आणि आपल्याकडचाही तो सगळा संसार अंकांतच झालेला. त्यातला एखादा संच कुठल्या ग्रंथालयात पुरा आहे ते भाचीने शोधावं, सगळे अंक क्रमाने लावावेत आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावेत.

"शेवटच्या पानावर तर जाहिराती असतात."

"तिथूनच सुरुवात करायला सांगा. छपाईला पैसे कुणी दिले ते तिथे कळतं."